दुसऱ्या मजल्यावरचा एसी चाललाय की

मित्रांनो, सौदीतलं दम्माम हे शहर माझ्यामुळे उभं आहे. मी नसतो तर या वाळूत माणूस टिकला नसता, बंदर झालं नसतं, शाळा भरल्या नसत्या आणि तेल होतं तिथेच जमिनीखाली पडून राहिलं असतं. हे मी गर्वाने सांगत नाही. मी एक जुना, खिडकीत बसवलेला एसी आहे. माझा कारभार एका चारमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीपुरता आहे. त्यातही खाटेकडची अर्धी खोलीच गार होते.

उरलेल्या अर्ध्या खोलीबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवरच्या पट्टीवर छापलेलं होतं. उन्हाने ती पट्टी पांढरी झाली, त्यामुळे आता मी कुठलाही नाही. मला बसवणाऱ्या कारागिराला जेवायची घाई होती. एसी बाहेरच्या बाजूला किंचित झुकता बसवायचा असतो, म्हणजे पाणी गल्लीत पडतं. मला त्याने आत झुकवून बसवलं. त्यामुळे मी नम्र दिसतो आणि घरात गळतो.

खिडकीतल्या एसीचं तोंड घरात असतं आणि पाठ गल्लीत. घरातलं बोलणं मला पुढून ऐकू येतं, गल्लीतलं मागून. दोन्हीकडचं ऐकणारा या इमारतीत मी एकटाच. आणि मला घरघर सोडून दुसरं काही बोलता येत नाही.

इमारत एका अरब मालकाची. त्याच्याकडून ती पूर्ण कराराने घेऊन, त्याच्या संमतीने एकेक घर भाड्याने देतात ते मोहियुद्दीनभाई. मूळचे बाणकोटचे. खाली त्यांचं सुक्यामेव्याचं दुकान आहे. माणूस चांगला. माझ्या घरात भाडेकरू म्हणून आले बदरुद्दीन. ते बाणकोटच्या खाडीपलीकडच्या गावचे, इथे अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये फिटर. बरोबर बायको तबस्सुम आणि मुलगी लाइबा. दोघा पुरुषांची पहिल्याच दिवशी एकमेकांच्या मामांची ओळख निघाली आणि तिथेच माझं भवितव्य ठरलं. कारण मामांची ओळख निघाल्यावर एसीची तक्रार कोण करणार?

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. शाळेतून आल्यावर लाइबा माझ्यासमोर तोंड करून उभी राहायची आणि डोळे मिटायची. मित्रांनो, मला पगार नाही, पण त्या मिटलेल्या डोळ्यांवर मी कित्येक उन्हाळे काढले.

मग मी थकू लागलो. गळणं वाढलं. तबस्सुमने माझ्याखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवला. लाइबा दहावीत गेली आणि तिचं टेबल नेमकं न गार होणाऱ्या अर्ध्यात आलं. ते अलीकडे सरकवलं, तर भूमितीच्या वहीवर पाणी पडलं.

"अब्बू, जस्ट टेल हिम," लाइबा म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? आपला माणूस आहे," बदरुद्दीन म्हणाले. "त्याला दिसत नाही का?"

"अंकल तर खाली बसतात. दिसेल कसं?"

"कोकम घेऊन जातो ना मी. कोकम देताना माणूस समजतो."

सुट्टीवरून परतताना बदरुद्दीन दर वर्षी मोहियुद्दीनभाईंसाठी कोकम, सुकट आणि कुळथाचं पीठ आणत. एसी जितका बिघडत गेला, तितकी पिशवी जड होत गेली. शेवटच्या वर्षी तर तिच्यात सुकवलेल्या कैरीची आंबोशीही होती. ती पिशवी म्हणजे एक तक्रार अर्ज होता.

मोहियुद्दीनभाईंना मात्र ती पिशवी म्हणजे समाधानी भाडेकरूचं प्रमाणपत्र वाटे. त्याची परतफेड म्हणून दर ईदला ते सांदणांचा डबा घेऊन स्वतः वर येत. खुर्चीवर बसत. माझ्याकडे बघत.

"एसी कसा आहे, बदरुद्दीन?"

"चाललाय की, मोहियुद्दीनभाई."

आता माझा गुन्हा सांगतो. मोहियुद्दीनभाई दारात आले, की मी सुधारायचो. इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग गप्प बसतो तसा. घरघर बंद, गळणं बंद, वारा असा गार, की एकदा त्यांनी अंगावर उपरणं ओढून घेतलं. ते जिना उतरले की मी पुन्हा मूळपदावर. आत लाइबा माझ्याकडे ज्या नजरेने बघायची, ती मी विसरू शकत नाही.

एकदा इमारतीतले सगळे एसी तपासायला गुरुनाथ मेकॅनिक आला. लांज्याचा माणूस, हातात पाना, तोंडात स्पष्टपणा. माझं पोट उघडून बघितलं आणि खाली गल्लीत जाऊन म्हणाला, "भाई, हा खलास आहे. नवीन घाला."

"अरे, पण तो तर चाललाय म्हणतो."

"तो भिडेने म्हणतो. वहिनींनी खाली डबा ठेवलाय."

"एकाला नवीन दिला की सगळी इमारत जिन्यात उभी राहील, गुरुनाथ. आणि करार पुढल्या वर्षी मालकाने वाढवला नाही तर? नवीन एसी काय मी बाणकोटला नेऊ?"

"भाडेकरू गेला तर?"

"बदरुद्दीन? तो कुठला जातोय. तो घरचा आहे."

गुरुनाथने वर येऊन माझ्या खडखडणाऱ्या जाळीत पुठ्ठ्याची घडी खोचली. मी शांत झालो. त्या पुठ्ठ्याने सगळ्यांचाच घात केला, कारण नुसता खडखडाट तरी खाली दुकानापर्यंत जात होता.

करार संपायला महिना राहिला तेव्हा मोहियुद्दीनभाई वर आले. ईद नव्हती, म्हणून डबा नव्हता. बदरुद्दीननी त्यांना बसवलं, चहा दिला, मामांची विचारपूस केली. मग बशीकडे बघत म्हणाले, "आम्ही जरा दुसरीकडे बघतोय. लाइबाला शाळा जवळ पडेल."

शाळेची बस याच इमारतीच्या दारात थांबते. मोहियुद्दीनभाई रोज ती बघतात. तरीही मान डोलावून म्हणाले, "हो, हो. शाळा महत्त्वाची."

एवढ्यात लाइबा टेबलावरून म्हणाली, "अंकल, एसी."

मोहियुद्दीनभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्या क्षणी उत्तम चाललो होतो.

"मला कधी सांगितलं नाहीस, बदरुद्दीन?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

"दर ईदला विचारलं."

"सणाच्या दिवशी माणूस काय सांगणार? सांदणं हातात असताना?"

"आणि ती आंबोशी?"

"एसीसाठीच होती ती," तबस्सुम आतून म्हणाली.

मोहियुद्दीनभाईंनी चहा संपवला. "उद्या नवीन बसवतो," ते म्हणाले. बदरुद्दीन म्हणाले, "तिकडे जबान देऊन बसलो, भाई." एवढी वर्षं ज्या जिभेला 'नाही' म्हणता आलं नाही, तिने पहिल्यांदाच 'नाही' म्हटलं, तेही इतक्या हळू, की माझा वारा नसता तर ऐकू आलं असतं.

महिन्याने बदरुद्दीनचं कुटुंब गेलं. मी एकदा, फक्त एकदा, ईदच्या दिवशी मोहियुद्दीनभाईंसमोर कायमचा बंद पडलो असतो, तर हे घर भरलेलं राहिलं असतं. पण मला शाबासकी हवी होती. लोक म्हणतात, जुन्या वस्तू किती टिकाऊ. मित्रांनो, मी जरा जास्तच टिकलो.

आता घर पाच महिने रिकामं आहे. मोहियुद्दीनभाईंनी नवा एसी आणला आहे. तो समोरच्या भिंतीशी खोक्यात उभा आहे. भाडेकरू ठरला की बसवू, असं ते म्हणतात. बघायला येणारे म्हणतात, एसी बसवा मग ठरवू. ते आले की मला सुरू करतात. पुठ्ठा कधीच पडला आहे. मी जीव तोडून गार होतो, पण हल्ली दिखावाही जमत नाही. लोक एकदा माझ्याकडे, एकदा खोक्याकडे बघतात आणि जिना उतरतात.

मागच्या ईदला मोहियुद्दीनभाई सांदणांचा डबा घेऊन सवयीने वर आले. कुलूप बघून थांबले. मग उघडून आत आले, मला सुरू केलं, खोक्यावर बसले आणि दोन सांदणं एकट्यानेच खाल्ली.

"कसा आहेस?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून की टेबलाच्या रिकाम्या जागेकडे, ते कळलं नाही.

मी घरघरलो. त्यांना ते 'चाललाय की' असं ऐकू आलं असणार.

तेव्हा मित्रांनो, भाडेकरू घरचा असेल तर दुप्पट काळजीने विचारा आणि घरमालक गावचा असेल तर कोकम न देता सांगा. वस्तूंना वेळेवर निरोप द्या. एवढं मोठं बोलायचा मला अधिकार नाही, म्हणून एक लहानसं काम सांगून थांबतो. तबस्सुमचा तो आइस्क्रीमचा डबा अजून माझ्याखालीच आहे. तो काठोकाठ भरला आहे. इथून जाताना कोणी जरा ओतून टाकाल का?