लिंबाच्या बीतली जुळी

आखाडा बाळापूरच्या बाजारात एवढी रेटारेटी होती की पायातली चप्पल निसटली तरी वाकायची सोय नव्हती. ओट्यावर लिंबूमहाराज आमची कुंडी उंच धरून ओरडत होते, "बघा! बी एक अन् कोंब दोन! महिन्यामागं म्याच मंतरून देल्तं हे लिंबाचं बी. या माउलीच्या पोटी जोडीनं दोन लेक येनार!"

माउली म्हणजे माझी सून प्रियंका. सातवा महिना, पायांवर सूज, ब्लडप्रेशर वाढलेलं. महाराजांनी वर फर्मावलं, "डॉक्टरच्या गोळ्या बंद. न्हाई तर कोंब जळतेत."

मी हायस्कुलातून निवृत्त झालेला विज्ञान शिक्षक. अंधश्रद्धेवर भाषणं देतो, शाली मिळवतो. त्या गर्दीत पहिले हात माझेच जोडले गेले. कुंडी मी घरी देवघरात ठेवली, 'निरीक्षणासाठी'. निरीक्षणाला उदबत्ती लागते, हा शोधही माझाच. "दोन दिस गोळी ऱ्हाऊ दे," असंही मीच सुनेला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रियंकाचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. मी घाबरलो, तरी 'कोंब जळले तर?' म्हणून गोळी द्यायला धजेना. बायको शिलानं मला हाताला धरून न्हाणीमागं ओढत नेलं. सरबताची पिळलेली लिंबं ती तिथंच टाकते. तिथं रोपांचं रान माजलेलं. एक रोप तिनं बीसकट उपटलं, तर एकाच बीला तीन कोंब!

"अहो, ह्येला कोन्या महाराजानं मंतरलं?"

माझ्यातला मास्तर एसटीसारखा उशिरा आला, पण आला. मी घरात धावलो. "पोरी, आपुन हळद बेण्यानं लावतो, म्हंजी जुन्याच गड्ड्याचा तुकडा पुरतो, म्हून दरसाली तीच हळद येती. लिंबाच्या बीत परागापासून एक गर्भ व्हतो, अन् कधीकधी बाजूला निस्त्या आईझाडाच्या पेशींतून आनखी एकदोन. म्हंजी बीच्या आतच बेणं! ते कोंब हुबेहूब आईवानी. परागाचा तेवढा येगळा निघू शकतो."

"मामा, म्हंजी माझ्या पोटाचा अन् कुंडीचा काईच संबंध न्हाई?"

"काईच न्हाई. मी येडा हाय. घे गोळी, अन् चल दवाखान्यात."

जीप करून आम्ही निघालो. डॉक्टरांनी मला जे सुनावलं, ते इथं छापण्यासारखं नाही.

पुढच्या बाजारी शिला तेच रोप घेऊन महाराजांसमोर उभी राहिली. "एकच कोंब आला तर?"

"एक लेक."

"आलाच न्हाई तर?"

"तुमचं पाप."

"अन् हे आमच्या न्हाणीमागचं. तीन हायेत. न्हाणीला तिळं व्हनार का?"

बाजार खदखदून हसला. त्यानंतर महाराज ओट्यावर दिसले नाहीत.

प्रियंकाला एकच लेकरू झालं, मुलगी. दोघी सुखरूप आहेत. वाचकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी आपल्या न्हाणीमागं एक चक्कर मारा. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. माझ्यासारख्या शालवाल्याच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.