बोला, वसई

"हॅलो, कोण पाहिजे?"

अनसूयाबाईंनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे रागाने पाहिलं. शुक्रवारचे साडेबारा वाजले होते. नंबर बरोबर लागला होता, तो लावायला त्यांना डायरी उघडावी लागत नसे. पण एकोणीस वर्षांत त्या नंबरवरून 'हॅलो' असं कधी आलंच नव्हतं. घोगरा, किंचित घाईतला एक आवाज यायचा, "बोला, वसई!" कॉलेज विरारचं असलं तरी विद्यापीठाच्या यादीत तालुक्याचं नाव, म्हणून वसई. दिवाळीनंतर फोन नुसताच वाजत राहायचा. आज उचलला, तर ही कुणी मुलगी.

"विद्यार्थी कल्याण विभाग ना?"

"हो मॅडम, सलोनी बोलतेय. सर्क्युलरबद्दल असेल तर वेबसाइटवर आहे सगळं."

"तिथे एक गृहस्थ होते. फोन घ्यायचे."

"मेहेर सर? ते नाहीत आता इथे. डिसेंबरमध्येच व्हीआरएस घेतली त्यांनी, तब्येतीमुळे. मी त्यांच्या जागेवर आलेय. तुम्ही कुठून?"

"विरारच्या कॉलेजातून."

"मग तुमच्याच साइडचे ते. कळंबहून यायचे ना रोज! एवढ्या लांबून कसे यायचे देव जाणे. मॅडम, दुसरा फोन वाजतोय, ठेवू?"

अनसूयाबाईंनी समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात 'मेहेर' असं लिहिलं. एकोणीस वर्षं दर शुक्रवारी ज्या माणसाशी बोललो त्याचं आडनाव आज कळावं, याला काय म्हणायचं? पण अनसूया राऊत म्हणजे अशीच बाई. कॉलेजच्या ऑफिसात कुणी डबा पुढे केला तरी "नको, माझं झालंय" म्हणायची सवय. ती सवय इतकी पक्की झाली होती की हल्ली कुणी डबा पुढे करतही नसे.

त्यांचं काम मोठं नव्हतं. इतर कारकुनी होतीच, पण कॉलेजात त्या ओळखल्या जायच्या 'परिसर वार्ता'मुळे. एक पाठपोट कागद, दर शनिवारी सकाळी दहाच्या आत फाटकाजवळच्या काचेच्या फलकात. विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या, शिबिरं, स्पर्धा. कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणं, खात्याच्या परीक्षा, रिकाम्या जागा. फलकाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये असे. त्या कागदावरून कुणी अहमदाबादला शिकायला गेलं, कुणी सरकारी नोकरीत लागलं. शिपायाचा ग्रंथपाल झाला तोही त्यातल्याच एका चार ओळींच्या चौकटीमुळे. सगळ्यांना वाट दाखवून अनसूयाबाई आपल्या खुर्चीवर जिथल्या तिथे.

वार्तेचा एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हातून 'पाच'च्या जागी 'पंधरा' टाइप झालं. अर्नाळ्याची मीरा नावाची एक मुलगी आठ तारखेला शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन खिडकीशी आली. भांडली नाही, रडली नाही. "मॅडम, वार्तेत तर पंधरा होती," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी ती कॉलेजात दिसली नाही. तेव्हापासून अनसूयाबाई दर शुक्रवारी प्रत्येक बातमी फोन करून वाचून दाखवत. पलीकडून 'बरोबर' आल्याशिवाय ओळ छापायची नाही, मग ती खुद्द प्राचार्यांनी दिलेली का असेना.

पुढे तो घोगरा आवाज भेटला आणि निम्मं काम सोपं झालं. आपल्या विभागाचंच नव्हे, इतर विभागांचंही त्याला ठाऊक असायचं. त्या वाचत, तो "बरोबर आहे, लावा" म्हणे. कधी म्हणे, "थांबा वसई, त्या दिवशी सुट्टी येते, एक दिवस पुढची धरा." कधी मध्येच, "आज आमच्याकडे पानी नाय, चहा पन नाय," असं म्हणून हसे. दहाबारा मिनिटांचा फोन. आठवड्यातलं तेवढंच बोलणं असं होतं की ज्यात पलीकडचा माणूस त्यांच्या फोनची वाट पाहत बसलेला असे.

आणि एकदा, अकरा वर्षांपूर्वी, तो म्हणाला होता, "मी पन तिकडचाच हां, वसई."

समोर हेडक्लार्क बसले होते. ऑफिसचा फोन, ऑफिसची वेळ. अनसूयाबाई म्हणाल्या, "हो का." आणि लगेच, "पुढची बातमी, एनएसएसचं शिबिर."

 पलीकडून नेहमीचं, "बरोबर आहे, लावा." तो विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. त्या 'हो का'ने मात्र अनसूयाबाईंना अकरा वर्षं छळलं. वटारच्या घरी वाडीला पाणी सोडताना, एकटीपुरती भाकरी थापताना मध्येच आठवायचं आणि चेहरा गरम व्हायचा. कुठे राहता, एवढं विचारायला काय झालं होतं? पुढच्या शुक्रवारी विचारू, असं म्हणता म्हणता पाचशेच्या वर शुक्रवार गेले.

आता शुक्रवारच उरला नव्हता. कॉलेजचा दर्जा तपासायला नॅकची समिती येणार म्हणून कॉलेजने ॲप केलं होतं. सोमवारपासून सगळ्या सूचना थेट मोबाइलवर. उद्याचा अंक शेवटचा. नव्या कॉम्प्युटर विभागातली विनिता मन लावून ते ॲप बनवत होती. पोरगी गुणी होती, तिच्यावर रागावणंही जमत नव्हतं.

"राऊत मॅडम, तुम्हाला ॲडमिन करू का? सोपंय एकदम. लिंक टाकली की झालं."

"आणि तारीख चुकलेली असली तर?"

"मग एडिट करायची ना! दोन सेकंदांचं काम."

अनसूयाबाईंनी मान हलवली. उद्याच्या अंकाचा कच्चा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'कार्यालयीन कामासाठी' असं लिहून त्या बाहेर पडल्या.

वटारहून कळंब म्हणजे रिक्षाने फार तर पंधरा-वीस मिनिटं. विरारहून जाताना त्यांच्या घराकडे वळणारा फाटाच वाटेत लागला, तेव्हा त्यांना कसनुसं झालं. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली. मी वटारची. तुम्ही तेव्हा म्हणालात, तर मी नुसतं हो का म्हणाले. समोर हेडक्लार्क होते. हेडक्लार्कचं सांगावं की नको, हे रिक्षा थांबेपर्यंत ठरलं नाही.

सुरूच्या झाडांपाशी एक म्हातारा पर्यटकांसाठी नारळ सोलत बसला होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कोन मेहेर? अर्धा गाव मेहेर हाय."

"मुंबईला विद्यापीठात होते ते."

"मधू क्लार्क! असा सांगा ना. त्या पानपट्टीच्या मागं, निला दरवाजा."

निळ्या दरवाज्यासमोर बांबूवर बोंबील वाळत घातले होते. एक बाई ते उलटे करत होती. तिने हात थांबवून पाहिलं.

"कोन पायजे?"

"मेहेर इथेच राहतात ना? मी विरारच्या कॉलेजातून आले. मी त्यांना फोन करायचे, शुक्रवारी..."

बाईने हातातला बोंबील खाली ठेवला. "तुमी वसई?" आणि उत्तराची वाट न बघता आत तोंड करून ओरडली, "अवो, आयकलंत काय? वसई आल्यात, वसई! या बाय, आत या. मी सत्यवती, त्यांची बायको. दर शुक्कारी घरी आले की पयला तुमचाच सांगायचे. आज वसईनं ही चूक पकडली, आज वसई हसली. मी म्हनायची, एकदा आना ना जेवाया."

 या घरात अनसूयाबाईंचं नाव ठाऊक नसलं तरी त्यांच्या हसण्याची बातमी पोचत होती. त्यांच्या घरी मात्र या माणसाबद्दल सांगायला कुणीच नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी सांगितलं असतं की नाही, देव जाणे.

आतून एक बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. मनातल्या मनात अनसूयाबाईंनी त्याला उंच आणि चष्मेवाला करून ठेवलं होतं. गळ्याभोवती पांढरं फडकं होतं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळा चेहरा भरून हसला. मग एक हात गळ्याकडे नेऊन तो नकारार्थी हलवला.

"बोलता नाय येत आता," सत्यवती हळू आवाजात म्हणाली. "गळ्याचा ऑपरेशन झाला जानेवारीत. आतली आवाजाची पेटीच काढली. जीव रायला, ह्या काय कमी?"

अनसूयाबाई उभ्याच राहिल्या. रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांना पलीकडून एक घोगरं उत्तर येईल, हे त्यांनी इतकं धरून ठेवलं होतं की आता त्यांना रडूच कोसळेल असं वाटलं. 

"मी वटारची," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा म्हणाला होतात, मी पण तिकडचाच. मी नुसतं हो का म्हणाले. माझं चुकलं."

"वटारच्या? अगं बाय!" सत्यवतीने कपाळावर हात मारला. "मी दर बुदवारी मासली घेऊन येते की वटारला!"

मेहेरांनी कपाटावरची नातवाची पाटी घेतली आणि खडूने काहीतरी लिहून पाटी त्यांच्याकडे फिरवली. अक्षर वळणदार होतं. 'आज शुक्रवार.'

अनसूयाबाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्या खुर्चीवर टेकल्या. पर्समधून कागद काढला, चष्मा लावला आणि घसा साफ केला.

"अनुसूचित जमातीच्या विद्यार्थिनींसाठी वसतिगृह प्रवेश. अंतिम तारीख सव्वीस फेब्रुवारी."

मेहेरांनी मधल्या बोटाने टेबलावर एकदा वाजवलं. टक. अनसूयाबाईंनी पेनने खूण केली.

"शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी संगणक प्रशिक्षण, दोन मार्चपासून."

टक.

"संशोधन प्रकल्प स्पर्धा. अर्ज आठ मार्चपर्यंत."

टक, टक. त्यांनी बोट उचलून धरलं, पाटी पुसली आणि लिहिलं, 'आठला रविवार. नऊ धरा.' सत्यवती दारात उभी राहून बघत होती, तिला हसू आलं. "आजून ऑफिस सुटला नाय यांचा," ती म्हणाली. अनसूयाबाईंनी आठचा नऊ केला. खूप दिवसांनी त्यांना आपलं काम नीट चाललंय असं वाटलं.

अकरा बातम्या झाल्या. चहा आला तो निवला. मग शेवटची चौकट आली. ती प्राचार्यांनी स्वतः लिहून दिली होती. अनसूयाबाईंनी एकसुरी आवाजात वाचली, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ती वाचता आली नसती.

"'परिसर वार्ता'चा हा अंतिम अंक. यापुढे सर्व सूचना ॲपवर मिळतील. वार्तेची आवश्यकता संपल्याने हे प्रकाशन बंद करण्यात येत आहे."

त्या थांबल्या. पेन खुणेच्या जागेवर टेकवून ठेवलं होतं. मेहेरांचा हात टेबलावर होता. बोटं हलली नाहीत. बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू झाली, निघून गेली. अनसूयाबाईंनी मान वर करून पाहिलं. ते त्यांच्याकडेच बघत होते आणि हात तसाच पालथा होता.

"हीच शेवटची आहे," त्या म्हणाल्या.

मेहेरांनी मान डोलावली. ऐकलंय, एवढाच त्याचा अर्थ होता. हात मात्र उचलला नाही.

सत्यवतीने निघताना वर्तमानपत्रात बोंबील बांधून दिले. अनसूयाबाईंच्या ओठांवर सवयीने "नको" आलं होतं. त्यांनी पुडा घेतला आणि नीट पर्सशेजारी धरला.

शनिवारी सकाळी दहाला पाच मिनिटं असताना त्यांनी फलकाचं कुलूप उघडलं. चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या. विनिता मोबाइलवर फलकाचा फोटो काढायला आली होती, नॅकच्या फाइलीत लावायला.

"मॅडम, खाली एवढी जागा मोकळी राहिली," ती म्हणाली. "प्रिन्सिपल सरांची सूचना होती ना तिथे? राहिली का टाकायची?"

"राहिली नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "तिची खात्री झाली नाही."

 विनिताने तसाच फोटो काढला. अकरा बातम्या आणि त्यांच्याखाली चार बोटं कोरा कागद. अनसूयाबाईंनी काच सरकवली, पदराने तिच्यावरचा बोटांचा ठसा पुसला आणि कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली.