आदल्या दिवशीचं सॅलड

पास्ता उकळत्या पाण्यात पडला तशा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, उद्या माझी दोन्ही लेकरं ऑपरेशनला जाणार आणि तुम्ही हे काय मांडलंय?"

"उद्याचं खाणं, आई. दिवसभर तिथं बसायचंय. हे पास्त्याचं सॅलड गारच खातात, त्यामुळे गरम करायची भानगड नाही. आणि आदल्या दिवशी केलं की चांगलं मुरतं."

"माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"नाही उतरला तर डबा परत आणू," तो म्हणाला आणि डाव फिरवत राहिला.

तो बस चालवायचा. डेपोच्या कँटीनमधल्या आचाऱ्याने त्याला हे इटालियन पद्धतीचं सॅलड शिकवलं होतं. लांबच्या फेरीला निघणारे ड्रायव्हर तेच डब्यात नेत. लग्नानंतर त्याने ते बायकोला करून घातलं आणि तिने भांडं पुसून खाल्लं. मग तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. डायलिसिस सुरू झालं आणि पथ्यात टोमॅटो गेला, चीज गेलं, खारवलेले ऑलिव्ह गेले. ती खात नाही म्हणून त्यानेही सोडलं. कित्येक वर्षांनी आज फळीवर टोमॅटो चिरताना त्याला आपण चोरी करतोय असं वाटत होतं.

किडनी देणारा तिचा धाकटा भाऊ होता. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. एका संध्याकाळी तो आला, दारात बूट काढता काढता म्हणाला, "भावजी, तपासून आलो. माझी जुळतेय. एक ताईला देऊन टाकतो."

शेजाऱ्याला शिडी उसनी द्यावी, असा सूर. ड्रायव्हर आत जाऊन नुसता नळ सोडून उभा राहिला. माणूस आपल्या पोटातली वस्तू काढून देतो म्हणतो आणि वर विचारतो, चहा आहे का? त्या दिवसापासून मेहुणा समोर आला की ड्रायव्हरची नजर त्याच्या बरगडीखाली जायची आणि लाजून परत यायची.

आता दोघं भावंडं हॉस्पिटलात दाखल झाली होती आणि घरात जावई आणि सासूच उरले होते.

गार झाल्यावर घट्ट होतो म्हणून त्याने पास्ता नेहमीपेक्षा थोडा जास्त शिजवला, निथळला आणि परातीत पसरून तेलाचा हात फिरवला. बाटलीत ऑलिव्हचं तेल, व्हिनेगर, ठेचलेला लसूण, मोहरीची पेस्ट, मिरपूड, वाळलेला ओरेगानो घालून झाकण लावलं आणि ती खळाखळा हलवली. त्यातलं अर्धं गरम पास्त्यावर ओतलं, अर्धं सकाळसाठी ठेवलं.

"सगळं का नाही घातलं?" सासूबाईंनी विचारलं. न राहवून त्या खुर्ची ओढून बसल्याच होत्या.

"पास्ता ते रात्रभर पिऊन टाकतो, आई. सकाळी बघावं तर कोरडा ठणठणीत. म्हणून राखून ठेवायचं."

"माझ्या पोरासारखाच म्हणायचा, कितीही वाढा, ताट कोरडं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग न सांगताच टोमॅटोच्या बिया काढायला लागल्या, सॅलडला पाणी सुटू नये म्हणून. काबुली चणे, भोपळी मिरची, पाण्यात भिजवून उग्रपणा काढलेला कांदा, चीजचे चौकोनी तुकडे, ऑलिव्ह. पातेलं भरलं. दोन माणसांसाठी ते फारच होतं, पण कमी करायला दोघांचाही हात धजला नाही.

सकाळी त्याने उरलेलं तेल-व्हिनेगर घातलं, बेसिलची, म्हणजे तुळशीच्या जातीची इटालियन पानं हाताने तोडून टाकली आणि मोठा डबा घेऊन दोघं निघाले.

आधी भावाला नेलं. ढकलगाडीवर झोपल्या झोपल्या तो म्हणाला, "आई, चेहरा असा नको करूस. मी मधल्या मजल्यावर अडकणाऱ्यातला नाही." मग बहिणीला नेलं. तिने नवऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं आणि दारापाशी सोडलं. दोन दारं शेजारी शेजारी होती. सासूबाई एका दाराकडे बघायच्या, मग दुसऱ्याकडे. कुठल्या दारापुढे बसावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्याने बाक उचलून दोन्हींच्या मधोमध ठेवला.

दुपार झाली. त्याने डबा उघडला आणि एक वाटी त्यांच्यापुढे धरली.

"नको म्हटलं ना."

"तुम्ही चक्कर येऊन पडलात तर मी कुणाकुणाकडे धावू?"

त्यांनी रागाने एक चमचा तोंडात घातला. मग दुसरा. चावता चावता त्यांचे डोळे भरून आले, पण चमचा थांबला नाही. पलीकडे एक अनोळखी म्हातारा नातवाच्या ऑपरेशनसाठी बसला होता. सासूबाईंनीच त्याला हाक मारली, "अहो, घ्या. आमच्या जावयांनी केलंय." त्याने दोनदा घेतलं.

डबा अर्ध्यावर आला असेल, तोच डाव्या हाताचं दार उघडलं आणि सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या. दोघं एकदमच उठले.

"दोघंही ठीक आहेत," त्या आधी म्हणाल्या, मग बाकाच्या कडेवर टेकल्या. थकल्या होत्या, पण सांगायची घाई दिसत होती. "बर्फातून काढली तेव्हा किडनी राखाडी होती. गार, निपचित. शिरा जोडल्या, चिमटे सोडले आणि आमच्या डोळ्यांदेखत ती गुलाबी होत गेली. घट्ट झाली. आणि तिथेच, टेबलावरच, लघवीची धार आली. इतकी वर्षं हेच करतेय, पण त्या क्षणाला अजून माझे हात थांबतात."

ड्रायव्हर ऐकत राहिला. ज्या पोराला त्याने लग्नात मांडीवर घेऊन जेवायला घातलं होतं, त्याच्या पोटातला एक तुकडा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, मधे दगडासारखा गार पडला, आणि ताईचं रक्त लागताच कामाला लागला! कुणाची ओळख विचारली नाही, रुसला नाही. हे त्याच्या डोक्यात मावेना. इतक्या फेऱ्या मारल्या, घाट पाहिले, समुद्र पाहिला, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

संध्याकाळी काचेतून बायको दिसली. नळ्या होत्या, तोंडावर मास्क होता. नर्सने खाटेखाली लोंबणारी पिशवी त्यांना दिसेल अशी वळवली. पिवळसर पाणी थेंब थेंब उतरत होतं. वर्षानुवर्षं तिच्या शरीराला बाहेर टाकायला जमलं नव्हतं ते पाणी. सासूबाईंनी काचेला हात टेकला. "बघा हो, केवढं सुंदर," त्या कुजबुजल्या, आणि लघवीच्या पिशवीला सुंदर म्हणण्यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटलं नाही.

मेहुण्याला शुद्ध आली तेव्हा त्याचे ओठ सुकलेले होते.

"भावजी... चालू झाली?"

"झाली. पहिल्याच बटणाला."

तो हसायला गेला आणि टाक्यांनी कळवळला. "हसवू नका हो." मग डोळे मिटून झोपी गेला.

ड्रायव्हरने आभाराचे शब्द दिवसभर मनात जुळवून ठेवले होते. आता त्यातला एकही पुरेसा वाटेना. तो खुर्ची ओढून बसला आणि मेहुण्याच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत राहिला. सासूबाई मात्र मधल्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होत्या, या खोलीतून त्या खोलीकडे. लेकीला सांगायचं होतं की हा बरा आहे, आणि लेकाला सांगायचं होतं की ती बरी आहे. दोघंही झोपली होती, तरी त्या जाऊन सांगत होत्या.