एक्क्याऐंशीवा खण

"परत घ्या," फ्रीजमामा म्हणाले.

सिस्टरने दंडावरचा पट्टा सोडवता सोडवता मशीनकडे पाहिलं. एकशे अठ्ठेचाळीस, खाली चौऱ्याण्णव. "अहो मामा, आत्ताच तर घेतलं."

"चार जिने चढून आलीय ती. लिफ्ट बंद आहे. सातव्या महिन्यात तुम्ही चढून या, मग बघू तुमचा आकडा."

"माझा सातवा महिना तुमच्या फ्रीजपेक्षा जुना झाला आता," सिस्टर म्हणाली, आणि खुर्चीत बसलेली ठमी खुदकन हसली.

ठमी ही मामांची एकुलती एक लेक. इथल्या संशोधनाच्या रजिस्टरात मात्र ती नुसता एक नंबर होती, कारण इथं कुणालाच नाव नसे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मामांनी स्ट्रेचर ढकललं, लिफ्ट चालवली, केसपेपर वाहिले. शेवटची दोन वर्षं त्यांच्या वाट्याला विज्ञान आलं, आणि ते झाकणाच्या डबीतून आलं. गरोदर बायका घरून शौचाचा नमुना आणत. मामा तो बोटाएवढ्या नळीत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवत. डबी मिळाल्यापासून दोन तासांच्या आत, एक मिनिट इकडे तिकडे नाही. खालच्या मजल्यावरचे लोक विचारत, "काय मामा, आज माल कसा आलाय?" मामा गंभीर चेहऱ्यानं सांगत, "ताजा आहे. बसता का जेवायला?"

या उद्योगामागचं कारण मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. मॅडम म्हणजे या संशोधनाच्या मुख्य डॉक्टर. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतूंचा संसार असतो. गरोदरपणात ज्यांचं बीपी चढतं, त्यांच्या पोटातला हा संसार जरा वेगळा दिसतो. आता जंतू बिघडले म्हणून बीपी चढतं, की बीपी चढतं म्हणून जंतू बिघडतात, हे शोधायचं.

"मग चांगले जंतू कुठले, मॅडम?"

"तेच तर माहीत नाही, मामा."

मामांना हे उत्तर फार आवडलं होतं. बत्तीस वर्षांत एकाही डॉक्टरनं त्यांना 'माहीत नाही' असं सांगितलं नव्हतं.

बीपी चढलेल्या बायकांच्या नळीला लाल टोपण, ठणठणीत बायकांच्या नळीला हिरवं. एका डब्यात नऊ ओळी, ओळीत नऊ खण, एकूण एक्क्याऐंशी. हिरव्या डब्यात ऐंशी नळ्या झाल्या होत्या आणि तीन आठवडे एक खण रिकामा होता. महिनाअखेर मॅडमना अहवाल पाठवायचा होता, त्या रोज विचारत. पण खरं सांगायचं तर मॅडमपेक्षा मामांनाच तो खण जास्त खुपायचा. घरी कपाटातल्या कपबशासुद्धा ते मोजून लावत. शेवटी त्यांनी लेकीलाच गळ घातली. नाहीतरी तिनं गेल्या सहा महिन्यांत साधी तापाची गोळी घेतली नव्हती. औषधांनी जंतू न बदललेलं असं पोट शोधून सापडलं नसतं.

"नियमानं हा आकडा लिहायला हवा," सिस्टर म्हणाली. भिंतीवर तसा कागदच होता : एकशे चाळीसच्या वर पहिलं मोजमाप आलं तर ते नोंदवावं आणि बाईला त्याच दिवशी खाली बाह्यरुग्ण विभागात दाखवावं. "आणि हिला खाली पाठवायला हवं."

"खाली दोन तासांची रांग आहे. आधीच पाय सुजलेत पोरीचे. बसू द्या दहा मिनिटं, उतरेल."

"बाबा, डोकंही जरा ठणकतंय," ठमी म्हणाली.

"उन्हातून आलीस ना. पाणी पी."

दहा मिनिटांनी एकशे बेचाळीस आलं. मामांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने मामांकडे पाहिलं. त्यांच्या हातात हिरवं टोपण होतं. तिसऱ्यांदा एकशे अडतीस, खाली अठ्ठ्याऐंशी.

"झालं समाधान?" म्हणत सिस्टरने तोच आकडा लिहिला.

मामा लगबगीनं नमुना घेऊन गेले. नळी भरली, टोपण लावलं, चिठ्ठी डकवली, डब्याच्या शेवटच्या कोपऱ्यात बसवली. अकरा मिनिटं. आजवर एवढ्या लवकर कुठलाच नमुना फ्रीजमध्ये गेला नव्हता.

जिना उतरताना ठमीनं त्यांच्या खांद्यावर हात टेकवला होता. "बाबा, किती दिवस ठेवणार हो ते?"

"वीस वर्षं टिकतं. मी म्हातारा होईन, तुझं पोर कॉलेजात जाईल, तरी ते तस्संच."

"शी! आईची आठवण म्हणून काय दाखवाल त्याला!"

दोघं इतके हसले की खालून येणारा एक पेशंट भिंतीला चिकटून उभा राहिला.

चार दिवसांनी दुपारी ठमीला घरात झटके आले. जावयानं रिक्षातून आणलं. बीपी एकशे नव्वदच्या वर होतं. मामांनी स्वतः स्ट्रेचर ढकललं. ते काम त्यांचे हात विसरले नव्हते. संध्याकाळी पाच वाजता मुलगी झाली, सव्वा किलोची, आणि काचेच्या पेटीत गेली. सहा वाजून वीस मिनिटांनी ठमी गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर आली नाही. जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि येणारा जाणारा प्रत्येकजण त्याला बाजूला सरकायला सांगत होता.

नवव्या दिवशी मामा कामावर आले. मॅडमनी उठून त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"मामा, ती नळी... तुम्ही म्हणाल तर काढून टाकते. तुमचा अधिकार आहे."

"ठेवली तर?"

"तर लाल गटात जाईल. गंमत बघा..." मॅडम थांबल्या. गंमत हा शब्द चुकला होता. "म्हणजे, आजार दिसायच्या आधीचा नमुना फार क्वचित मिळतो. तिचं बीपी तेव्हा नॉर्मल होतं ना."

मामा उठले. टेबलावरचं बीपीचं मशीन त्यांनी पुढ्यात घेतलं आणि बाजूचं छोटं बटण दाबत मागे मागे गेले. शेवटची शंभर मोजमापं त्यात राहतात, हे सिस्टरनंच त्यांना कधीतरी शिकवलं होतं. सिस्टर दारात येऊन उभी राहिली. तारीख आली. वेळ आली. एकशे अठ्ठेचाळीस, खाली चौऱ्याण्णव.

"नव्हतं नॉर्मल," मामा म्हणाले. "हा पहिला आकडा. लिहायचा राहिलाय."

"मामा, अहो, माझी नोकरी..." सिस्टर पुटपुटली.

"तुम्ही नियम सांगितला होतात. 'परत घ्या' मी म्हणालो. मॅडम, शेरा लिहायची जागा आहे ना तिथं? लिहा : बापाच्या सांगण्यावरून पुन्हा मोजलं, खाली पाठवलं नाही."

"बाप असं नाही लिहिता येत, मामा. इथं नातं लिहीत नाहीत."

"मग कर्मचारी लिहा."

मॅडमनी लिहिलं. मामांनी चष्मा लावून ते वाचलं आणि खाली सही केली. सिस्टरने पेन घेतलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि शेजारी आपलीही सही केली.

मग मामा आत गेले. जाड हातमोजे घातले. फ्रीजचं दार उघडताच पांढरी वाफ त्यांच्या चपलांवर उतरली. नळी बाहेर काढल्यापासून तीस सेकंद मिळतात. पुढे वितळायला लागतं. त्यांनी हिरवा डबा काढला, कोपऱ्यातली नळी उचलली, टोपण बदललं. चिठ्ठीवर बर्फाची भुकटी बसली होती. अंगठ्यानं पुसली. खाली नंबर होता.

लाल डब्यात कोपऱ्यातला खण रिकामा होता. कोपऱ्यातल्या नळ्यांना दार उघडलं की आधी झळ लागते. मामांनी मधली एक नळी कोपऱ्यात हलवली, आणि हातातली मधोमध ठेवली.

त्यांच्या मनातल्या घड्याळात तीस सेकंदांतले अजून चार उरले होते. त्यांनी दार लावलं.