वाढत्या मापाचे टायर

ज्या वर्षी आमच्या धाकटीचं लग्न ठरलं, मोडलं आणि परत त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षी पिकअपचे टायर गेले. लग्न मोडलेलं होतं तोवर घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, त्यामुळे टायरकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. परत ठरल्यावर सगळे हसायला लागले. मग माझा मेहुणा पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला, टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या डोक्यावर आणि या टायरवर आता सारखंच उरलंय."

माझ्या डोक्यावर काहीच उरलेलं नव्हतं.

मेहुण्याला सगळी गल्ली मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. हिचा पाठचा भाऊ. त्याची बायको गेली तेव्हा तो आमच्या मागच्या खोलीत चार दिवस राहायला म्हणून आला, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. आम्ही दोघं मिळून घरं हलवायचं काम करायचो. लोक एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जातात, तेव्हा त्यांची कपाटं, पलंग, गाद्या, भांडी पिकअपमध्ये भरून न्यायची. उचलायला तरणे गडी बोलवायचो. मी गाडी चालवायचो. मामा मागे सामानात बसायचा, ज्याचं घर हलवायचं त्याच्याच खुर्चीत, एक हात कपाटाच्या आरशावर ठेवून. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. मामा त्यांना हात करायचा. निवडणुकीला उभा आहे की काय, असं नवख्याला वाटावं.

मामाची मुलगी दूर, मोठ्या शहरात राहते. तिचा निरोप आला होता की मी लग्नाला येते आणि जाताना बाबांना घेऊन जाते. बाबांच्या छातीत कफ आहे, बाबांचं वय झालं, या वयात बाबा गाडीच्या मागे खुर्ची टाकून गावभर फिरतात, हे बरं दिसतं का? तिचं काही चुकत नव्हतं. मामा यावर एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. आता, "जाऊ नकोस" म्हणायला काय लागतं? जीभ तर तोंडातच असते. पण आमच्यात तसं बोलायची रीत नव्हती. आम्ही एकमेकांना टोमणे मारायचो, आणि त्यावर आमचं बरं चाललं होतं. मी मायेचं काही बोललो असतो तर मामाने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

म्हणून मी नवे टायर घ्यायचं ठरवलं.

वाचणाऱ्याला यात 'म्हणून' कुठून आलं ते कळणार नाही. मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं. मामाला दुकानात न्यायचं, त्याच्या पसंतीने टायर घ्यायचे, मग ते झिजेपर्यंत तो कसा जाईल? भागीदारीत माल उचलला की भागीदार पळून जात नाही. हा विचार सुचल्यावर मी स्वतःवरच इतका खूश झालो की हिला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

ही चपात्या लाटत होती. म्हणाली, "अहो, माणसाला थांबवायचं तर लोक हात धरतात."

"टायर जास्त दिवस टिकतात," मी म्हटलं.

तिने लाटणं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि परत उचललं.

टायरचं दुकान हमरस्त्याला होतं. छतापर्यंत टायरच्या चळती, नाकात बसणारा रबराचा वास, कोपऱ्यात पंक्चर शोधायची पाण्याची टाकी, आणि मधोमध तीन टायर एकावर एक रचून त्यावर मालक बसलेला. तो उठला नाही. त्याला उठायला दोघांची मदत लागत असावी.

"गाडी कशासाठी वापरता?" त्याने विचारलं.

"पोटासाठी," मामा म्हणाला.

"तसं नाही हो. माल काय असतो?"

"लोकांचे संसार. आणि वर मी."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. अक्षरओळख मला साठी उलटल्यावर झाली. धाकटीने शिकवलं. त्याआधी टायरच्या कडेला जे काही उमटलेलं असतं, ती मी नक्षी समजत होतो. इतकी वर्षं टायर घातले, काढले, धुतले, पण ते लिहिलेलं आहे हे डोक्यात आलं नाही. वाटायचं, बनवणाऱ्याची हौस. वाचता यायला लागल्यावर मात्र मी काहीच सोडेना. औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, लिफ्टमधल्या सूचना. एखाद्या दारावर 'ढकला' लिहिलेलं असलं तर मी आधी थांबून वाचायचो, मग ढकलायचो, आणि तोवर माझ्या मागे रांग लागायची. मामा शिकला नाही. धाकटीने त्यालाही बसवलं होतं, पण तो म्हणाला, "आमच्यात एकाला येतं तेवढं बास. दोघंही वाचत बसलो तर कपाट कोण धरणार?"

तर मी चष्मा पुसला, गुडघ्यावर हात देऊन वाकलो आणि टायर वाचायला लागलो. जुन्या टायरवरचा आकडा मी पाठ करून आलो होतो. तोच आकडा असलेला टायर समोर होता. त्याच्या शेजारच्यावर आकडा मोठा होता.

"तुमच्या गाडीला हा," टायरवाला पहिल्याकडे बोट करून म्हणाला.

"आणि हा?"

"तो एक माप मोठा."

आमच्या घरात कुणी कधी बेताच्या मापाची वस्तू घेतलेली नाही. मुलांचे बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून. सदरे गुडघ्यापर्यंत, बाह्या दुमडून. वाढतं अंग आहे, उद्या होईल, ही आमच्या आईची शिकवण. माझ्या लग्नातला कोटसुद्धा वाढत्या अंगाचा शिवला होता, आणि तेव्हा मला वाढायचं वय सोडून बरीच वर्षं झाली होती. त्या कोटाच्या मापाला मी अजून पोचलेलो नाही. पण सवय ती सवय. मोठा आकडा दिसला की आमचा हात तिकडेच जातो.

"चालतात किती हे?" मामाने विचारलं.

"पाच वर्षं कुठे गेली नाहीत," टायरवाला म्हणाला.

मामा टायरवर थाप मारून हसला. "दाजी, हे आपल्याला पुरून उरतील."

त्याने ते सहज म्हटलं. मी मात्र मनात हिशेब मांडायला लागलो. मोठ्या टायरला रबर जास्त. रबर जास्त म्हणजे झिजायला वेळ जास्त. आणि झिजायला जितका वेळ, तितका मामा इथे. असं माझं गणित.

"मोठाच दे," मी म्हटलं.

"घासेल हं थोडा. मडगार्डला."

"घासला तर?"

"तर काय, घासून घासून जागा करून घेईल. नवीन माणूस घरात आलं की करतंच ना."

"मी वाचलंय सगळं," मी म्हटलं. काय वाचलं होतं ते देव जाणे. मामाने मान डोलावली, कारण वाचायचं खातं माझ्याकडे होतं. त्या दिवशी दुकानात मामा एक होता आणि मामा बनला दुसराच.

टायर बसले. पिकअप टाचा उंच करून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. चढताना मला दोनदा पाय उचलावा लागला. दुकानातून निघालो, पहिलं वळण उजवीकडचं होतं, अगदी लोण्यासारखं गेलं. दुसरं डावीकडचं. चाक वळवलं आणि खालून असा आवाज आला की रस्त्यावरचं कुत्रं उठून पळालं.

डावं मडगार्ड आधीच आत दबलेलं होतं. ते एका फाटकाच्या खांबाचं काम. तो खांब मला दिसला नव्हता. मामाला दिसला होता, पण मलाही दिसला असेल असं त्याला वाटलं. जुने टायर त्या दबलेल्या पत्र्यातून निभावून जायचे. नवे मावेनात. उजवीकडे हवं तेवढं वळा, डावीकडे जरा जास्त वळलं की खर्रर्र.

परत दुकानात गेलो. टायरवाला त्याच तीन टायरांवर बसला होता. म्हणाला, "एकदा रस्त्याला लागलेला टायर मी परत घेत नाही."

घरी ही बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "पिकअप काय या वयात वाढणार आहे का?"

पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गेलो, तर तो म्हणाला गाडी ठेवून जा, हातातली कामं झाली की बघतो. पण लग्न तोंडावर आलं होतं आणि गाडी रोज लागत होती. तेव्हा मामा म्हणाला, "असू दे. तोवर उजवीकडेच वळू."

आणि तो मागची खुर्ची सोडून पुढे माझ्या शेजारी येऊन बसला. इतकी वर्षं त्याने या रस्त्यांवरून सामानात बसून उलटं बघत प्रवास केला होता. त्याला एकूण एक बोळ पाठ होता, फक्त पाठीमागून. तो डोळे मिटायचा, मनातल्या मनात गाडी उलटी फिरवायचा आणि सांगायचा, "उजवीकडे. आता सरळ. आता परत उजवीकडे. अजून एकदा उजवीकडे. झालं बघा, डावीकडे आलो." तीन वेळा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखं होतं, हे मला त्या वयात समजलं. शाळेत गेलो असतो तर कदाचित आधी समजलं असतं.

धाकटीचं सामान तिच्या नव्या घरी पोचवायचं होतं. ते घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, कोपऱ्यावरून डावीकडे. आम्ही शाळेला वळसा घातला, मंडईला वळसा घातला, आणि शिंप्याच्या दुकानावरून तेच कपाट घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा शिंपी दारात आला.

"काय मामा, घर सापडेना का?"

"सापडलंय," मामा म्हणाला, "पण ते डावीकडे आहे."

एकदा मी हट्टाने एकटा गेलो. म्हटलं, त्यात काय, उजवीकडे वळायला मेहुणा कशाला लागतो. वळता वळता कुठून कुठे गेलो ते कळेना. सगळे बोळ एकमेकांची भावंडं असल्यासारखे दिसायला लागले. पाट्या वाचायला थांबलो की मागचे भोंगे वाजवायचे. शेवटी गाडी टायरवाल्याच्या दुकानासमोर निघाली. ती तिथेच उभी केली आणि चालत घरी आलो. मामा ओट्यावर बसला होता.

"गाडी कुठे?"

"आहे," मी म्हटलं.

त्याने पायात चपला घातल्या आणि काही न विचारता गाडी आणायला माझ्याबरोबर निघाला.

लग्न झालं. पाहुणे पांगले. एका सकाळी मामाची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिची बॅग भरलेली होती, आणि बापाच्या कपड्यांसाठी दुसरी रिकामी बॅग हातात होती.

"बाबा, आवरा."

मामा चहा पीत होता. "मला यायला जमायचं नाही."

"का?"

"दाजींना डावीकडे वळता येत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "आतोबा, हे काय बोलतायत?"

"खरं आहे," मी म्हटलं.

तिला वाटलं मला झटका वगैरे येऊन गेला. ती माझा हात बघायला लागली. मग हिने तिला बाहेर नेऊन टायर दाखवले. ती परत आत आली तेव्हा कपाळाला आठ्या होत्या.

"अहो, ते मडगार्ड ठोकून घ्या ना. अर्ध्या तासाचं काम आहे."

मामाने बशीत चहा ओतला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

"आणि टायर नवे आहेत," मामा म्हणाला. "ते झिजवायला नकोत?"

"बाबा, टायरसाठी राहणार तुम्ही?"

"तुझ्या आतोबांनी माझ्या पसंतीने घेतलेत."

टायर कशासाठी घेतले, हे त्याला केव्हा कळलं होतं? मला वाटतं, दुकानात शिरतानाच. पोरगी बॅग खाली टेकवून माझ्यासमोर बसली. तिचे डोळे मामासारखेच आहेत, चुकवता येत नाहीत.

"आतोबा, तुम्ही सांगा. सरळ सांगा. तुम्हाला बाबा इथे हवेत का?"

ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचा हात थांबला होता. मी घसा खाकरला. जे बोलायचं होतं ते घशापर्यंत आलं, आणि तिथे त्यालाही कुठेतरी पत्रा घासला असावा.

"कपाटाचा आरसा कोण धरणार?" मी म्हटलं.

मामाने बशी खाली ठेवली. "ऐकलंस? याच्यापुढे ते जाणार नाहीत. एवढं बोलले तेच डोक्यावरून पाणी."

"जाऊ दे पोरी," ही मागे न वळता म्हणाली. "एकाला डावं कळत नाही, एकाला अक्षर कळत नाही. दोघं मिळून एक शहाणा होतो. त्यातला अर्धा नेऊन तू तरी काय करशील?"

पोरगी रडली थोडी, हसली थोडी. मग रिकामी बॅग तिने भरलेल्या बॅगेत कोंबली. तिला गाडीवर सोडायला आम्ही पिकअपनेच गेलो. तिघं पुढे दाटीने बसलो. स्टेशन डावीकडे आहे. लांबून वळसा पडला, पण गाडी मिळाली.

पुढे त्या पत्रेवाल्याचंच घर हलवायची वेळ आली. काम आवडलं म्हणून तो हातोडा घेऊन आला आणि म्हणाला, "तुमचं ते मडगार्ड आत्ता सरळ करून देतो."

"राहू दे," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

ते अजून तसंच आहे. गाडी आता फारशी निघत नाही. परवा टायरवर नख लावून बघितलं, नक्षी अजून खोल आहे. मोठे टायर हळू झिजतात, एवढं माझं गणित बरोबर निघालं.

मामा टायर घेतल्याच्या चौथ्या वर्षी वारला. धाकटीची मुलगी भिंत धरून चालायला लागली त्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, मागच्या खोलीत.