तासलेल्या शिंगांची मोटार

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून मागे बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल. बुवांचा मृदंग सुरात लागेपर्यंत घटकाभर वेळ आहे. तेवढ्यात तुम्हाला दोन मोटारींची आणि एका संशयी म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. घडली ती आपल्याच दोंडाईच्यात, मिठाच्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या वर्षी.

म्हाताऱ्याचं नाव निंबा नाना. शेजारच्या खेड्यातला शेतकरी, पण पंचक्रोशीत त्याची ओळख बैल पारखणारा म्हणून. बाजारात नाना दिसला की व्यापारी दावणीतले दोन-चार बैल मागच्या मागे वळवून नेत. नानाचा कुणावर म्हणून विश्वास नसे. देवळात जाताना एक जोडा इकडे काढी नि एक तिकडे, म्हणजे चोराला जोडी मिळू नये! कीर्तन मात्र एक चुकवत नसे. तिथेही आख्यान रंगात आलं की डोळे बारीक करून ऐके. बुवा पदरचं किती घालतात ते बघायला.

अशा माणसाला जतनबाईंनी बोलावणं धाडलं. जतनबाई म्हणजे जवरीलाल शेटजींच्या मातोश्री. राममंदिरात बुवांनी स्वदेशीवर आख्यान लावलं होतं, तेव्हा भर सभेत उठून या माउलीने कपाळाला बुक्का लावून घेतला आणि परदेशी वस्तू वापरणार नाही असं व्रत घेतलं. आता त्यांच्या मनात आलं होतं की अडलेल्या बायांना धुळ्याच्या दवाखान्यात पोचवायला गावाला एक मोटार द्यावी. पण द्यायची ती स्वदेशी. गावात दोन मोटारवाले येऊन थांबले होते आणि पारख नानाने करायची होती.

नाना निघाला, पण मनात पाल चुकचुकत होती. शेटजींच्या घरचं व्रत! लोकांत मिरवायला असेल, दुसरं काय? तरी पाय मागे घेववेना. गेल्या साली त्याची सून वच्छलाबाई अडली, बैलगाडीतून धुळ्याला नेताना बुराई नदीच्या वाळूत चाकं रुतली आणि मूल तिथेच गेलं. सुनेला आता पुन्हा सातवा लागला होता. यंदा मोटार हवीच होती.

धर्मशाळेच्या पटांगणात दोन्ही मोटारी उभ्या होत्या. एक धुळ्याच्या पारशी एजंटाची. त्याने सरळ सांगून टाकलं, "आपली तर अमेरिकेची हाय. आवडली तर घ्या." दुसरी जळगावच्या तोतारामाची. काळी कुळकुळीत, पुढे पितळी पाटी, पाटीवर ठसठशीत अक्षरं: स्वदेशी.

नानाने आधी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली. मग तोतारामाला विचारलं, "हाई कोन्या गावनी शे, भाऊ?"

"नाना, बैल आहे का गाव विचारायला?" तोताराम हसला. "आपल्या देशातली आहे."

"बठ्ठी?"

"बठ्ठी! सगळीच्या सगळी. खिळासुद्धा परका नाही."

एवढ्या छातीठोकपणे बोलणारा माणूस नानाने बाजारात फार वेळा पाहिला होता. पाटीच्या बाजूने त्याने अंगठा फिरवला, मग चाकाच्या मधल्या टोपणावरून फिरवला. अंगठा एका जागी थबकला. म्हाताऱ्या बैलाच्या शिंगावरची वलयं कानशीने तासून वर तेल चोपडलं की शिंग असंच लागतं, नको तितकं गुळगुळीत. डोळे फसतात, पण अंगठा फसत नाही.

तासणारा माणूस शिंगाच्या मुळाशी, केसांच्या आड कधी कानस घालत नाही, हेही नानाला ठाऊक होतं. त्याने उपरणं अंथरलं आणि सरळ मोटारीखाली शिरला.

"अहो नाना, थानं आहेत का बघताय?" तोताराम ओरडला, पण आवाज जरा चिरकला.

इंजिनाच्या पोटाशी चिखलाचा पापुद्रा होता. नानाने तो नखाने खरवडला. खाली लोखंडात उठलेली अक्षरं लागली. नानाला मराठीसुद्धा सही करण्यापुरती येत होती, इंग्रजी कुठून येणार? पण बैलावरचा डाग एकदा पाहिला की तो विसरत नसे. अक्षरांची वळणं त्याने बोटाने तीनदा गिरवली, बाहेर आला आणि एजंटाच्या मोटारीखाली शिरला. तिच्याही पोटाशी तीच वळणं होती, त्याच जागी.

बाहेर येऊन तो धूळ झटकत होता तेवढ्यात तोतारामाने त्याला कडुनिंबाखाली ओढलं.

"ओळखलंत ना? मग आता माझंही ऐका. पाटी खोटी आहे, गाडी खोटी नाही. बाई व्रताच्या. खरं सांगाल तर दोन्ही मोटारी परत जातील. तुमची सून गरोदर आहे म्हणे. गप्प राहा नाना, त्यात तुमचंच भलं आहे."

नानाने त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्याच्या जिभेचा संशय घेतला, आज पहिल्यांदा स्वतःच्या जिभेची भीती वाटली. एक 'हो' म्हटलं की वच्छला वाळूत अडकायची नाही. कुणाला कळणार होतं? पण त्या नदीत या भामट्याची मोटार तरी खरी निघेल का? ज्याने नाव तासलं, त्याने आतलं काय काय झाकलं असेल?

पायरीवर जतनबाई बसल्या होत्या. नाना समोर जाऊन उभा राहिला आणि घसा खाकरला.

"माय, दोन्ही एकच गोठान्या शेतस. ह्या मोटारनी शिंगं तासेल शेतस, इतलंच. स्वदेशी एक बी नही."

तोताराम पाटी काढायलाही न थांबता मोटारीत चढला. नानाचे डोळे भरून आले. आता बाई उठतील, दोघांना वाटेला लावतील आणि व्रत मिरवत देवळात जातील, असं त्याला वाटलं.

जतनबाई पायरीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "नाना, वाळूत कोणती थांबायची नाही?"

"जिनं नाव झाकेल नही, ती."

"मग तीच ठेवा. व्रत मी घेतलं, त्या बायांनी नाही. माझ्या व्रतापायी त्यांनी वाळूत का मरावं? देण्यात दोष असेल तर तो माझ्या माथी. मी मात्र तिच्यात बसणार नाही."

नाना मान डोलावून निघाला, पण मनात म्हणाला, बघू किती दिवस टिकतं!

दोन महिन्यांनी वच्छलाबाईला भल्या सकाळी कळा लागल्या. मोटार आली. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून वाटेत दोंडाईच्यात मोटार थांबवून नाना जतनबाईंकडे धावला. त्यांनी सुईणीला मोटारीत बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी येते."

नाना वाटभर मागे वळून पाहत होता. बाई दुसऱ्या कुणाच्या मोटारीने गुपचूप येतील, ही खात्रीच होती त्याला. बुराईच्या वाळूत चाकं एकदा गुरगुरली आणि पार झाली. दुपारी दवाखान्यात मुलगी जन्मली. रडली ती अशी की नाना बाहेर ओट्यावर मटकन बसला.

संध्याकाळपर्यंत बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर फाटकात एक छकडा थांबला. बैलांच्या तोंडाला फेस होता. आतून जतनबाई उतरल्या. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, कंबर धरलेली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. नाना उठला, छकड्यापाशी गेला, बैलांची खुरं पाहिली, चाकांची वाळू बोटाने चोळून पाहिली. वाळू बुराईचीच होती.

मग त्या संशयी म्हाताऱ्याने भर दवाखान्यात त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

चला, बुवा उभे राहिले. आता कीर्तन ऐका. पण उद्या कधी मोटारीत बसून वाळू पार कराल, तेव्हा मागून छकड्यात येणाऱ्या जतनबाईंची आठवण ठेवा.