घरची बातमी

पेपरात एक फोटो नेहमी येतो. रस्त्यातला खड्डा नाहीतर पडकी शाळा, आणि तिकडे बोट दाखवून उभी असलेली चार-पाच माणसं. नदीकाठच्या एका भागात ही बोट दाखवायची पद्धत पाडली ती तिथल्या वार्ताहराने. कोणी नुसतंच कॅमेऱ्याकडे बघत उभं राहिलं की तो म्हणायचा, "माझ्याकडे काय बघता? दुखणं कुठंय ते दाखवा." मग माणसं लाजत लाजत बोट वर करायची. पुढे पुढे तर त्याची मोटरसायकल दिसायचा अवकाश, म्हातारीकोतारी माणसंसुद्धा तुटक्या नळाशेजारी बोट रोखून तयार. बघणाऱ्याला हसू यायचं, पण फोटो छापून आला की नळ दुरुस्त व्हायचा.

गावोगावी त्याला पेपरवाले म्हणत. एका बाईने तर त्याला वाटेत थांबवून रद्दीचा भाव विचारला होता, आणि त्याने तो गंभीर चेहऱ्याने सांगितलाही होता. तरुणपणी शहरात खुर्चीवरची नोकरी चालून आली असताना ह्या गड्याने खेडी पत्करली. आधी बातमीचं पाकीट बसच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा, मग फॅक्स आला, मग मोबाइल आला. साधनं बदलली, पण ह्याची पायपीट काही सुटली नाही. बायको म्हणायची, "जगाच्या पाठीवर कुठं काय मोडलंय ते ह्यांना ठाऊक. घरातला पंखा बंद पडून महिना झाला, त्याची बातमी अजून पोचली नाही." तो हसायचा आणि पंखा तसाच राहायचा.

त्याच्या थोरल्या संपादकांनी, देव त्यांचं भलं करो, त्याला नोकरीला लागतानाच दोन नियम घालून दिले होते. एक, घरची बातमी आपण लिहायची नाही, ती दुसरा लिहील. आणि दुसरा, 'वारंवार मागणी करूनही दुर्लक्ष झाले' असं लिहायचं असेल तर मागणी कुणाकडे केली त्याचं नाव लिहायचं, नाहीतर ते वाक्यच लिहू नये. दुसऱ्या नियमाने त्याने भल्याभल्या साहेबांची झोप उडवली. पहिल्याने त्याला नावलौकिक दिला. माणूस असावा तर असा, असं लोक बोलत.

आता ह्यातली गोम अशी की थोरल्या संपादकांच्या काळात कचेरीत वार्ताहरांची रांग होती. एकाच्या घरची बातमी दुसरा लिहायचा. पुढे माणसं कमी होत गेली आणि नदीच्या दोन्ही अंगांची सगळी खेडी ह्या एकट्याच्या गळ्यात पडली. तो 'दुसरा' राहिलाच नाही. नियम मात्र जिथल्या तिथे राहिला.

त्याचं स्वतःचं गाव नदीपलीकडे. तिथे त्याची ताई राहायची. आई लहानपणीच गेली, तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं, नापास झाला तेव्हा पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली. लग्नही तिने गावातच केलं. भाऊजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान अलीकडच्या काठावर, मोठ्या रस्त्याला लागून. गावातून रस्त्यावर यायला एक साकव होता, लोखंडी सळ्यांवर फळ्या टाकलेला. शाळेची पोरं, दूधवाला, आजारी माणूस, सगळं त्याच्यावरून जायचं. फळी निसटली की भाऊजी सायकलच्या तारांनी ती बांधून टाकायचे.

"बंड्या, साकव फार हलतो रे," ताई म्हणायची. एवढा पिकलेला माणूस, पण तिच्यालेखी बंड्याच. "एकदा लिही की त्याच्यावर."

"ताई, घरची बातमी मी लिहीत नाही. लोक म्हणतील, बहिणीसाठी पूल बांधून घेतला."

"म्हणू देत. वरून चालतील ते लोकच ना?"

ह्यावर भाऊजी मध्ये पडायचे. "अगं, कशाला छळतेस त्याला? आपला साकव अजून पेपरात यायच्या लायकीचा झाला नाही. काढेल एक दिवस नाव." मग ते दोघे हसायचे. ताई हसायची नाही.

एकदा त्याने कचेरीत विचारलंसुद्धा, की आमच्या गावच्या साकवावर कोणाला तरी पाठवा. "तुमच्या भागात तुमच्याशिवाय कोण जाणार?" असं उत्तर आलं, आणि त्याने विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. त्या नियमाचा त्याला अभिमान होता, आणि अभिमानाचं ओझं माणूस सुखासुखी खाली ठेवत नाही.

गेल्या वर्षी त्याचा सत्कार झाला. भाषण करणाऱ्याने आवाज चढवून सांगितलं, की एवढ्या वर्षांत ह्या माणसाने स्वतःच्या गावाची एक ओळ छापली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत ताई आणि भाऊजी बसले होते. भाऊजींनी तर हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. ताई चष्मा काढून पुसत बसली होती, आणि टाळ्या थांबल्या तरी पुसतच होती.

तो दिवस उजाडला तेव्हा वार्ताहर एका गोदामाच्या उद्घाटनाला गेला होता. पाहुणे यायचे होते. फोन वाजला. कचेरीतली उपसंपादक होती, नवीन लागलेली, त्यानेच शिकवून तयार केलेली मुलगी.

"सर, तुमच्या भागात साकव मोडलाय. एक जण गेला म्हणतात. फोटो आणि दहा ओळी लगेच लागतील."

"कुठल्या गावचा?"

तिने गावाचं नाव सांगितलं. "मृताचं नाव, वय, सगळं घ्या हं, सर." तिला बिचारीला काय ठाऊक? एरवी खोदून खोदून विचारणाऱ्या त्या माणसाने पुढे एक शब्द विचारला नाही. मोटरसायकल काढली आणि निघाला. वाटेत तो स्वतःलाच समजावत होता, की गावात माणसं काय कमी आहेत.

नदी जवळ आली आणि त्याला भाऊजींचं दुकान दिसलं. बंद होतं. ह्या वेळी ते दुकान बंद त्याने कधी पाहिलं नव्हतं. पंक्चर झालेली सायकल घेऊन एक माणूस बाहेर ताटकळत उभा होता. त्यानेच सांगितलं. भाऊजी कुणाची तरी दुरुस्त केलेली सायकल खांद्यावर टाकून सकाळी दुकानाकडे येत होते. मधली फळी गेली, तिच्याबरोबर सळी गेली. नदीला ओढ होती. खालच्या वळणावर सापडले.

वार्ताहर काठापर्यंत गेला. साकवाचं हे टोक होतं, ते टोक होतं, मधलं नव्हतं. पलीकडे गाव जमला होता. त्यांनी त्याला पाहिलं, त्याच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला, आणि कोणी न सांगता ती माणसं एका रांगेत उभी राहिली. मग एकेकाने हात वर केला आणि मोडक्या साकवाकडे बोट दाखवलं. त्याच्याने कॅमेरा डोळ्यापर्यंत नेववेना. ती माणसं मात्र बराच वेळ तशीच उभी होती, फोटो निघायची वाट बघत.

शेजारी बांधकाम खात्याचे साहेब मोजपट्टी घेऊन उभे होते. त्यांनी त्याला ओळखलं.

"फार वाईट झालं, पेपरवाले. तुमचे कोण होते?"

"भाऊजी."

साहेबांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हणाले, "एक बोलू का? राग मानू नका. ह्या साकवाचा अर्ज आमच्याकडे आला होता, एका बाईंचा. पण आमच्याकडे अर्ज ढिगाने येतात. आम्ही तुमची कात्रणं बघून कामं धरतो, कारण तुम्ही उगाच लिहीत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, हे तर तुमचं स्वतःचं गाव. साकव खरंच वाईट असता तर तुम्ही सगळ्यात आधी बोंब मारली असतीत. म्हणून तो मागे ठेवला."

साहेब खोटं बोलत नव्हते. अंग काढून घ्यायचाही त्यांचा विचार नव्हता, उलट त्यांचे डोळे ओले झाले होते. इतकी वर्षं वार्ताहराला वाटत होतं की आपण गप्प आहोत, म्हणजे काहीच बोलत नाही. आणि त्याच्या गप्प राहण्याचा लोकांनी, साकव धड आहे, असा दाखला करून ठेवला होता.

गावात शिरायला आता लांबच्या रस्त्याने जावं लागत होतं. तो पोचला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. ताई भिंतीशी खुर्चीवर बसली होती. तिने वर पाहिलं.

"वळसा घालून आलास?"

"हो."

"आता सगळ्यांनाच वळसा," ती म्हणाली.

दुपारनंतर सगळं उरकलं. माणसं हळूहळू पांगली. फोन सारखा वाजत होता, तो घेत नव्हता. ताई म्हणाली, "कचेरीचा असेल. लिही."

"ताई, मी कसा लिहू?"

"का? अजून घरचीच आहे म्हणून?"

ताईचा आवाज चढलेला नव्हता, तेच त्याला जास्त लागलं.

"दुसरा कोण येणार आहे?" ती म्हणाली. "आणि आलाच, तर त्याला ह्यांचं काय ठाऊक? तू लिही. नीट लिही."

कोपऱ्यात भाऊजींचं टेबल होतं. पान्हे, तारांची गुंडाळी, डबीतले छर्रे. तिथे बसून त्याने मोबाइलवर लिहायला घेतलं. नाव लिहिलं आणि वयापाशी अडला. किती घरांत त्याने रडणाऱ्या बायकांना हे विचारलं होतं. आज त्याने मान खाली घालूनच आपल्या बहिणीला तिच्या नवऱ्याचं वय विचारलं, आणि तिने सांगितलं.

बातमी सरळ उतरत गेली. शेवटी सवयीने ते वाक्य आलं, वारंवार मागणी करूनही दुर्लक्ष झाले. तो थांबला. कुणाकडे मागणी केली? साहेबांचं नाव घालता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. अर्ज गेला होता हे त्याने त्याच्या आधी घातलं आणि ते वाक्य राहू दिलं. मग पुढे लिहिलं: 'मृताच्या पत्नीने या वार्ताहराला, म्हणजे आपल्या सख्ख्या भावाला, वर्षानुवर्षे सांगितले. त्याने एक ओळ लिहिली नाही. त्याने लिहिले नाही म्हणून साकव धड आहे असे सर्व जण धरून चालले.' आणि पाठवून दिलं.

लगेच फोन आला. त्या उपसंपादक मुलीचा आवाज बसला होता. "सर, मला माहीत नव्हतं. मी सकाळी काय काय बोलले तुम्हाला."

"बातमी मिळाली ना?"

"मिळाली. पण शेवटच्या ओळी, सर... त्या नकोत. तुम्ही आत्ता दुःखात आहात."

"नाव नसेल तर ते वाक्य लिहू नये, हे मीच शिकवलंय ना तुला?"

"हो, सर," ती म्हणाली.

सकाळी पेपर आला. फोटो होता, गावातल्याच कोणीतरी काढून पाठवलेला. बोट दाखवणारी माणसं होती, खाली बातमी होती. ताईने चष्मा लावला आणि ओळीखालून बोट फिरवत सावकाश वाचायला लागली. भेटायला आलेली माणसं भोवती बसली होती. वार्ताहर दाराशी उभा होता. ताईचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"दुर्लक्ष झाले, म्हणे," ती म्हणाली. "कुणाचं झालं, ते नाही."

त्याने पुढे होऊन पाहिलं. त्या ओळी नव्हत्या. त्याला वाचवायला त्या मुलीने मायेनेच त्या काढल्या असणार, आणि त्या मायेचा त्याला राग आला, रडूही आलं.

"लिहिलं होतं, ताई. त्यांनी कापलं."

ताईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी निकाल हातात घेऊन तो दारात उभा राहायचा, तेव्हा ती अशीच बघायची.

"खरंच लिहिलं होतंस?"

"हो."

"मग वाच. होतं तसं वाच, सगळ्यांसमोर."

त्याने पेपर घेतला. छापलेलं सगळं वाचलं, भाऊजींचं नाव, वय, खांद्यावरची सायकल. छापलेलं संपलं तसा पेपर खाली केला आणि पुढचं तोंडपाठ म्हणू लागला. 'मृताच्या पत्नीने या वार्ताहराला, म्हणजे आपल्या सख्ख्या भावाला' इथपर्यंत आला. हात आपोआप वर गेला. जन्मभर त्याने दुसऱ्यांना बोट दाखवायला लावलं होतं. ते बोट आता त्याच्याच छातीवर टेकलं होतं. तसाच उभा राहून त्याने उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या.

ताई खुर्चीवरून उठली, त्याच्यापाशी आली आणि तो हात धरून तिने खाली केला.

"आता झाली पुरी," ती म्हणाली.

तिने त्याला माफ केलं की नाही, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिने भाऊजींच्या टेबलाजवळची खुर्ची पुढे ओढली. तो त्या खुर्चीत बसला, आणि मग बसल्या जागी, सगळ्यांच्या देखत, लहान मुलासारखा रडला.